मामांच्या आवाजाचा बोर्ड

आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात. माझे मामा पिशोरचे. शेती बऱ्यापैकी, अंगानं धिप्पाड, आणि आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तरी घरातल्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. त्यांच्या घशात गाठ निघाली आणि इथं शहरातल्या दवाखान्यात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. गाठ गेली, मामा वाचले, आवाज मात्र गेला. गळ्याला पुढून एक भोक ठेवलंय, श्वास त्यातूनच घ्यायचा. त्यावर पातळ पांढरा रुमाल बांधायचा. हे आता कायमचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी त्यांची सून. चिकलठाण्याच्या एका लहानशा कंपनीत नोकरी करते, काडेपेटीएवढ्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलचे प्रोग्राम लिहिते. स्वभाव तापट. नवरा म्हणतो, तुझ्या नाकावर राग असतो. मी म्हणते, नाक माझं आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली. सासूबाई चार वर्षांपूर्वीच गेल्या, त्यामुळं ऑपरेशननंतर मामा आमच्या सिडकोतल्या घरी राहायला आले. त्यांच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून मी कंपनीकडून घरून काम मागून घेतलं. स्वयंपाकघरात फ्रीजच्या पलीकडं, खिडकीजवळ टेबल टाकलं. उजेड तिथं चांगला, आणि नेटही घरात तिथंच धड चालतं. सकाळी गाऊनवर, केस वर बांधून, कानाला हेडफोन लावून बसले की दुपारपर्यंत उठायची नाही.

डॉक्टरांचं एकच पालुपद होतं, पाणी. भरपूर पाणी पोटात गेलं नाही तर कफ घट्ट होतो आणि त्या भोकात अडकतो. एकदा सकाळी तो अडकलाच. मामांचे ओठ निळे पडले, आम्ही रिक्षात घालून दवाखाना गाठला, आणि तिथल्या नर्सबाईंनी नळी घालून तो काढला. दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा तेच ऐकून घ्यावं लागलं. पाणी कमी पडतंय. घरात कुणी लक्ष देत नाही का? बोलणी मी खाल्ली, कारण घरात मीच होते.

आता पाण्याचं आमच्या घरात काय चालायचं ते सांगते. सकाळी मी तांब्या भरून मामांच्या खोलीत ठेवायचे. दहा-साडेदहाला तो रिकामा व्हायचा. मग तो मला स्वयंपाकघराच्या दाराबाहेर फरशीवर दिसायचा, धुऊन पालथा घातलेला. दिसायचा तोही थेट जेवायच्या वेळी, मी हेडफोन काढून उठले की. डोक्यात अशी तिडीक जायची. चार पावलं आत येऊन भरून घेता येत नाही? पिण्याचं पाणी इथंच भरून ठेवलंय, माठ समोर दिसतोय, ग्लास शेजारी आहे. सून घरात आहे म्हणजे पाणीसुद्धा हातातच मिळायला पाहिजे? तोंडानं काही बोलले नाही, पण भांडी जरा जोरात आपटली असतील. मी काही संत नाही.

बोलायला त्यांच्याकडं पाटी होती. मामा चौथी शिकलेले. अक्षर मोठं आणि सावकाश, एका वेळी दोन-तीन शब्द. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्रही दवाखान्यात मिळालं होतं. मामांनी ते एकदा लावलं, आतून मिक्सरसारखी घरघर आली. तो आपला आवाज ऐकून त्यांनी यंत्र डबीत घातलं, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. पुन्हा मागितली नाही.

एका सकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, गावी जातो.

पिशोरला त्यांचं घर मळ्यात. शेजार लांब. कफ अडकला तर हाक मारायला आवाज नाही, आणि हाक कुणाला मारणार? डॉक्टरांना विचारलं तर ते माझ्याकडंच बघायला लागले. नवऱ्यानं समजावलं, हातापाया पडला, थोडं रागावला. मामांनी पाटी पुसलीच नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. नवरा वडलांना दादा म्हणतो. शेवटी तो म्हणाला, महिनाभर थांबा दादा, मग तुम्ही म्हणाल त्या रविवारी नेऊन सोडतो. मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "जीव नाही रमत त्यांचा. काय करणार?"

मला वाटलं, बोलता येत नाही म्हणून माणूस कोंडल्यासारखा झालाय. मग बोलायची सोय आपण करू. निदान एवढं तर मला येतं. महिना हातात होता.

आमच्या धंद्यात जे मॉड्यूल असतं ना, त्याला डोकं असतं, बाकी काही नसतं. त्याला आवाज द्यायचा, बटणं द्यायची, बॅटरी जोडायची तर खाली एक मोठा बोर्ड लागतो. त्याला एक्सपान्शन बोर्ड म्हणतात. मॉड्यूलच्या दोन्ही बाजूच्या पिना त्याच्या खाचांत दाबून बसवायच्या, की मग स्पीकरची जागा, मेमरी कार्डाची फट, बटणांच्या तारा लावायच्या पट्ट्या, सगळं हाताशी येतं. असे बोर्ड मी कंपनीत ढिगानं लावलेत. पण तिथं कुणी बटण दाबून पाणी मागणार नसतं.

बटणं मला जाड हवी होती, म्हाताऱ्या बोटांना सापडतील अशी. ती औरंगपुऱ्याच्या एका बोळातल्या दुकानात मिळाली. दुकानदार चाचांनी दोन-तीन प्रकार पुढं टाकले आणि विचारलं, "किस के वास्ते, बाजी?" मी सांगितलं, सासऱ्यांना बोलता येत नाही, त्यांच्यासाठी. चाचांनी पुढची बटणं बाजूला सारली, आतून दुसरी आणली, प्रत्येक स्वतः चार-चारदा दाबून बघितलं आणि त्यातली दोन परत ठेवली. "ये अटकती हैं," म्हणाले.

घरी आल्यावर बोर्डानं पहिला रविवार खाल्ला. लॅपटॉपची वायर लावली की चाले, काढली की बंद. बॅटरी भरलेली, तारा ठीक. दोन तास डोकं फोडल्यावर लक्षात आलं, बोर्डावर वीज कुठून घ्यायची ते ठरवणारी एवढीशी काळी टोपी असते, ती मी वायरीच्या बाजूलाच ठेवली होती. कंपनीत नव्या माणसानं ही चूक केली असती तर मी त्याला तासभर ऐकवलं असतं.

मग वाक्यं. बटणं सहा. मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर बसून यादी करायला लागलो. पाणी, चहा, जेवायला द्या, फिरून येतो, डॉक्टर, दुखतंय. नवरा म्हणाला, मी बोलतो, माझा आवाज घाल. एक-दोन वाक्यं घातलीही. पण बापाच्या तोंडी लेकाचा आवाज ऐकायला कसंनुसंच वाटलं. तेव्हा त्याला आठवलं की मामांना मोबाइलवर टाइप करायचा कंटाळा, ते नेहमी बोलूनच निरोप पाठवायचे. त्याच्या मोबाइलमध्ये त्यांच्या पंचेचाळीस व्हॉइस नोट निघाल्या.

त्यातून शब्द वेचायचं काम मी घेतलं. "विहिरीला पाणी लई चांगलंय" मधून पाणी काढलं. "चहा घिऊन निघालोच" मधला चहा. कन्नडला तालुक्याच्या डॉक्टरकडं जाऊन आल्याची एक नोट होती, तिच्यातून डॉक्टर मिळाला. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात. प्रत्येक नोटेच्या सुरुवातीला एक जाडजूड उंचवटा होता. मामा बोलण्याआधी खाकरायचे, दरवेळी, न चुकता. मला शब्द स्वच्छ हवे होते, म्हणून जिथं जिथं ते खाकरणं आलं तिथं तिथं मी ते कापून टाकलं. ज्या नोटा अगदीच छोट्या होत्या त्या उघडल्याही नाहीत, त्यात कामाचं काय असणार? "दुखतंय" मात्र कुठंच सापडलं नाही. मी ऐकलेल्या एवढ्या नोटांत या माणसानं एकदाही दुखतंय म्हटलं नव्हतं. ते तेवढं नवऱ्याच्या आवाजात ठेवलं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा पाण्याचं बटण दाबलं की "फिरून येतो" ऐकू यायचं आणि डॉक्टरचं दाबलं की चहा. फायलींना नावं कितीही नीट द्या, तो बोर्ड त्या कार्डावर ज्या क्रमानं उतरवल्या त्याच क्रमानं वाजवतो. नवरा हसून हसून लोळला. कार्ड पुसून सगळं पुन्हा एकेक करून भरलं तेव्हा जागेवर आलं. मग एका चौकोनी चपट्या डब्याला भोकं पाडून त्यात सगळं बसवलं. मामांच्या बंडीच्या खिशात तो बरोबर मावला.

दिला त्या दिवशी मामांनी सहाही बटणं एकेकदा दाबली. आपलाच आवाज ऐकताना मान जरा तिरकी केली होती. सगळं ऐकून झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आणि त्यानंतर त्यांनी तो डबा वापरला नाही. खिशात ठेवायचे, चार्जिंगला आठवणीनं लावायचे, पण दाबायचे नाहीत. पाण्याचा तांब्या पुन्हा दाराबाहेर पालथा. दोन आठवडे मी वाट बघितली आणि मग नवऱ्यावर फुटले. दोन रविवार घातले मी, माझं काय अडलं होतं? पाणी पाहिजे तर बटण दाबायचं, एवढं सोपं करून दिलंय. तुझ्या वडलांना मागायचंच नाहीये, त्यांना न मागता पाहिजे. नवरा बिचारा म्हणाला, पुढच्या रविवारी नेऊन सोडतो, सुटशील.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळची अकराची वेळ. माझा हेडफोन बिघडला होता, म्हणून कान मोकळे होते. मी हातानं काहीतरी कागदावर मांडत होते आणि लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. त्या काळ्या पडद्यात मला माझ्या मागचं दार दिसलं. दारात मामा उभे होते, हातात तांब्या. फ्रीजच्या आडून त्यांना माझी पाठ तेवढी दिसत असणार. पाय उंबऱ्याच्या बाहेर. त्यांनी मान थोडी वर केली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि जोर लावला. रुमाल फुगला, भोकातून फुस्स हवा आली, बाकी काही नाही. पुन्हा जोर लावला. पुन्हा तेच. मग ते खाली वाकले, तांब्या पालथा ठेवला आणि पावलं न वाजवता परत गेले.

ते खाकरत होते.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पिशोरच्या घरात मामा कधीही मुकाट्यानं आत आलेले मी बघितले नाहीत. फाटकापाशी खाकरायचे. ते ऐकलं की आम्ही बायका पदर सावरायचो, कुणी पाय पसरून बसली असेल ती नीट बसायची, मोठ्यानं चाललेल्या गप्पा थांबायच्या, आणि एखादीनं भांडं वाजवलं की त्याचा अर्थ, या. मगच ते आत पाऊल टाकायचे. नवी नवरी असताना मला त्याचा भयंकर राग यायचा. मी शहरात वाढलेली. वाटायचं, हा काय भोंगा, साहेब आले, सगळ्यांनी उभं राहा. पंधरा वर्षं मी ते असंच ऐकलं. त्यांच्या बाजूनं ते कसं असेल याचा विचारच कधी केला नाही. मी येतोय, तुम्ही आपलं आवरून घ्या, तुम्हाला अवघडायला नको, एवढंच ते सांगत असायचे. आणि आता ते सांगता येत नव्हतं, तर गाऊनवर पाठमोऱ्या बसलेल्या सुनेच्या मागं जाऊन उभं राहणं त्यांना चोरासारखं वाटत होतं. त्यापेक्षा तहान बरी. बटण दाबून "पाणी" म्हणायचं तर तो हुकूम झाला असता, तोही त्यांना करायचा नव्हता. त्यांच्याजवळ कुणीतरी हवं म्हणून मी घरात बसले, आणि बसले ती बरोबर त्यांच्या वाटेत.

तांब्या भरून त्यांच्या खोलीत ठेवून आले. असल्या गोष्टी सून सासऱ्याशी बोलत नाही.

त्या दिवशी कंपनीचं काम बाजूला ठेवलं. चार ओळींचा एक प्रोग्राम लिहिला, पंचेचाळीस नोटांचे पहिले दोन-दोन सेकंद कापून घेणारा. पंचेचाळीस खाकरणी ओळीनं वाजवली. इतके प्रकार असतील असं वाटलं नव्हतं. त्यातलं चांगलं दणदणीत एक निवडलं आणि पहिल्या बटणावर, पाणी काढून, ते बसवलं. शनिवारी दुपारी डबा मामांच्या हातात दिला, म्हटलं, "पहिलं बटण बदललंय, बघा जरा," आणि आपल्या टेबलाशी येऊन बसले. आज अंगावर नीट कुडता-ओढणी होती.

नवरा बाहेरच्या खोलीत टीपॉयवर पाय टाकून मोबाइल बघत होता. मधल्या बोळात मामा खाकरले. अगदी तसंच, फाटकातलं. नवऱ्यानं झटकन पाय खाली घेतले, मोबाइल पालथा ठेवला, आणि ताठ बसला. बेचाळीस वर्षांचा माणूस. मग त्याच्या लक्षात आलं काय झालं ते, आणि तो तोंडावर हात धरून उठून गॅलरीत गेला.

मामा मात्र आत आले नाहीत. दारातच उभे राहून हातानं नाही-नाही करत होते. पाटी आणून दिली. लिहिलं, हा रागाचा.

मला हसूच फुटलं. मीही काय निवडलं होतं, बांध कोरल्याबद्दल भावकीला शिव्या घातल्या होत्या त्या नोटेतलं. लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत गेले, जमिनीवर बसले, आणि एकेक वाजवायला लागले. ऑपरेशननंतर आम्ही दोघं इतका वेळ शेजारी बसलो नव्हतो. मामा बोट हलवायचे, हा नाही, हाही नाही. एकावर डोळे मिटून मान डोलावली, पण तोही नको. तीस गेले, पस्तीस गेले. एका अगदी हलक्या, जवळजवळ पुटपुटल्यासारख्या खाकरण्यावर त्यांनी पडद्यावर बोट टेकलं. तेच पुन्हा लावायला लावलं. हाच, म्हणून मान हलवली.

तो घालून दिला. मामा पुन्हा बोळात गेले, मी पुन्हा टेबलाशी. तो हलका आवाज आला. पिशोरला आम्ही भांडं वाजवायचो. माझ्या हाताशी भांडं नव्हतं, म्हणून मी तोंडानंच म्हटलं, "या, मामा." खाकरण्याला बाईमाणसानं शब्दानं उत्तर दिल्याचं त्यांनी बहुतेक आयुष्यात ऐकलं नसेल. ते थबकले. मग उंबरा ओलांडून आत आले, माठातून पाणी घेतलं आणि उभ्यानंच दोन ग्लास प्यायले.

रविवारी नवऱ्यानं गाडी काढायची का विचारलं तेव्हा पाटीवर उत्तर आलं, डॉक्टर म्हनल तवा. आता दिवसातून पाच-सहादा ते हलकं खाकरणं येतं, मी "या" म्हणते, आणि ते येतात. बाकीची पाच बटणं ते अजून दाबत नाहीत. मी आग्रह सोडून दिलाय.

एक गोष्ट राहिली. त्यांनी निवडलेलं ते खाकरणं कोणत्या नोटेतलं, ते मी सोमवारी शोधून काढलं. सात सेकंदांची नोट, मी तेव्हा न उघडलेली. दोन वर्षांपूर्वीची, एका रविवारची. रविवारी त्यांचा फोन यायचा, पाऊस कसा, भाजी काय केली, तेच ते. त्या दिवशी नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की ती कामात आहे, आणि त्यावर मामांनी फोन ठेवून ही नोट पाठवली होती. आधी ते खाकरणं, आणि मग, "सुनबाई कामात हाय तर उठवू नगं तिला. खुशाल हाय का, एवढंच इचारायचं व्हतं." मी कामात नव्हते. सोफ्यावर नवऱ्याच्या शेजारीच बसले होते, आणि कामात आहे म्हणून सांग, असं त्याला हातानं खुणावत होते.